सोलापूरच्या नदीकाठी, मुरमाच्या वाटेने : नव्या सायकलस्वारांसाठी

मंगळवेढा रस्त्याने सोलापूरबाहेर पडलं की तिऱ्ह्याजवळ सीना नदी आडवी येते. नोव्हेंबर ते मार्च या काळात त्या रस्त्यावर सकाळपासून उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस आणि शेजारून जाताना झोल घेणारी मागची ट्रॉली. सायकल चालवायला हवामान सर्वात चांगलं असतं ते नेमकं याच महिन्यांत. मी काही वर्षं जीव मुठीत धरून डांबरावर सायकल चालवली. मग एका सकाळी पुलाच्या अलीकडून काठाकडे वळणाऱ्या गाडीवाटेला लागलो. दोनशे मीटरवर गाड्यांचा आवाज मागे पडला आणि टिटवीचा ऐकू यायला लागला. तेव्हापासून आमच्या चार-पाच जणांच्या सायकली बहुतेक मातीवरच असतात.

मातीच्या, मुरमाच्या वाटांवरच्या या सायकलिंगला आता ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी वेगळा ट्रॅक कुणी बांधलेला नाही आणि त्याची गरजही नाही. पाणंद, शिवरस्ते, कालव्याच्या कडेचे सेवा रस्ते, नदीकाठच्या गाडीवाटा असं मोठं जाळं आपल्या जिल्ह्यात आधीपासून आहे. नव्या माणसाने आधी शिकायची ती माती ओळखायला. महागडी सायकल नंतर घेतली तरी चालते.

आधी माती वाचा

आपल्याकडच्या वाटा ढोबळमानाने चार प्रकारच्या. पहिली मुरमाची. तांबूस किंवा पिवळसर, दाबून बसलेली, वर बारीक खडे. ही आपली खरी ग्रॅव्हल. रात्री पाऊस पडला तरी सकाळी ती चालवण्याजोगी असते, कारण पाणी निचरून जातं. दुसरी काळ्या मातीची. कोरडी असेल तर डांबरासारखी गुळगुळीत, ओली असेल तर दहा पावलंही जाता येत नाही. काळी माती पाणी धरून फुगते आणि चिकटते. टायरला लागलेला थर फिरत फिरत फोर्कपर्यंत, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांपर्यंत जातो, ब्रेकमध्ये अडकतो, चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर घ्यावी लागते आणि चिखलासकट तिचं वजन दुपटीच्या जवळ जातं. आमच्यातला एक जण मंद्रूप भागात असा तीन किलोमीटर चालला आहे. त्यानंतर आम्ही नियम केला: काळ्या रानात पावसानंतर किमान तीन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय जायचं नाही.

वाट कोणती आहे हे डोळ्यांना नेहमी कळत नाही, कारण काळ्या मातीवर वरवर मुरूम टाकलेले रस्ते पुष्कळ असतात. अशा ठिकाणी उतरून टाचेने दाबून बघा. टाच रुतली आणि उचलताना माती बुटाला चिकटून आली, तर मागे फिरा. पुढे चांगली वाट लागेल या आशेवर पुढे जाऊ नका. नदीकडे जाणारी वाट खोलात उतरत जाते आणि खोलात ओल जास्त असते.

तिसरी वाळू. नदीपात्राजवळ ती अचानक लागते. हलका गिअर टाकून, अंग थोडं मागे ठेवून, हँडल सैल धरून आणि पॅडल न थांबवता सरळ जायचं. वाळूत पुढचा ब्रेक दाबला की पडणं ठरलेलं. चौथा प्रकार गाळाचा, तलाव किंवा धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा. याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण फसवणूक तिथेच होते.

आणि एक शब्द कायम लक्षात ठेवा: चाकोरी. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी वाटेत दोन घळी पडतात, मध्ये गवताचा उंचवटा राहतो. सायकल नेहमी चाकोरीतून न्या. तिथली माती दाबलेली असते आणि काटे चाकांनी बाजूला सारलेले असतात. मधल्या गवतात सराटे असतात.

काट्यांचा बंदोबस्त

नवखा माणूस सोलापुरात मातीवरचं सायकलिंग सोडतो ते बहुधा काट्यांमुळे, म्हणून या विषयावर जरा थांबतो. शत्रू दोन. एक बाभूळ, त्यातही वेडी बाभूळ. तलावांच्या काठाने, कालव्यांच्या भरावावर, पडीक जमिनीत ती माजलेली आहे. तिचा काटा लांब आणि ताठ असतो, टायर आणि ट्यूब दोन्हींतून आरपार जातो. शेतकरी बांधाला कुंपण म्हणून काटेरी फांद्या लावतात, त्यातल्या वाऱ्याने वाटेवर येतात. दुसरा शत्रू सराटा. पावसाळ्यात जमिनीसरशी पसरणारी, छोट्या पिवळ्या फुलांची ही वेल दिसायला निरुपद्रवी. पाऊस संपला की तिची फळं वाळतात आणि चारही बाजूंनी टोकं असलेले खडे होतात. कसंही पडलं तरी एक टोक वर. ऑक्टोबरपासून ते टायरला लागायला लागतात.

उपाय असा. शक्य असेल तर ट्यूबलेस टायर घ्या आणि आत सीलंट भरा. काटा घुसला तरी सीलंट भोक बुजवतं आणि तुम्हाला अनेकदा कळतही नाही. आपल्या उन्हात सीलंट लवकर वाळतं, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी तपासून भर टाका. ट्यूबवालेच टायर असतील तर दोन सुट्या ट्यूब, पॅच, सोल्युशन, टायर काढायचे लिव्हर, हातपंप आणि एक साधा चिमटा बरोबर ठेवा. चिमटा बहुतेकांना सुचत नाही. मोडून टायरमध्ये अडकलेला काटा बोटांनी निघत नाही आणि तो न काढता नवी ट्यूब घातली तर पाच मिनिटांत तीही जाते. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवा, पूर्ण गोल. थांबल्यावर दर वेळी टायर हाताने चाळायची सवय लावा. वरवर रुतलेला सराटा तेव्हाच उपटला तर पंक्चर टळतं. ट्यूबलेसमध्ये मात्र खोल गेलेला काटा रानात उपटू नका. तो तिथे बुचासारखा बसलेला असतो.

घरी अंगणात मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून पाहिल्याशिवाय पहिल्या राइडला निघू नका. रानात पंक्चरचं दुकान नसतं.

सायकल कोणती

ग्रॅव्हल सायकल मिळाली तर उत्तम, पण सुरुवातीला ती लागत नाही. घरात गिअरची हायब्रिड असेल आणि फ्रेममध्ये जागा असेल तर ३८ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर टाका. एमटीबी, म्हणजे जाड टायरची डोंगरी सायकल असेल तर तशीच चालेल, थोडी जड जाईल एवढंच. अरुंद टायरची रोड सायकल मात्र या वाटांवर आणू नका, रिम वाकते.

हवा कमी ठेवा. डांबरावरच्या सवयीने लोक टायर दगडासारखा करतात, मग प्रत्येक खडा हाताला लागतो आणि वळणावर चाक घसरतं. सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये पुढे ३५ आणि मागे ४० पीएसआयच्या आसपास पुरते. एमटीबीच्या जाड टायरला याहून कमी. उतारावर कोपर सैल, नजर चाकापुढे नव्हे तर पंधरा-वीस मीटर लांब, आणि ब्रेक वळणाच्या आधीच. बाकीचं अंगवळणी पडतं.

कुठून सुरुवात करायची

पहिल्या दोन-तीन राइड शहराजवळच करा. हिप्परग्याचा तलाव त्यासाठी चांगला. तुळजापूर रस्त्याने सात-आठ किलोमीटरवर, इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा एकरुख तलाव. त्याच्या भिंतीवर सायकल घालू नका. काठच्या शिवारातल्या गाडीवाटांनी हळू फिरा, पाण्यापासून अंतर ठेवून. इथे मुरूम, काळी माती आणि बाभळी तिन्ही भेटतात, त्यामुळे वर लिहिलेलं सगळं पंधरा किलोमीटरच्या फेरीत तपासून होतं. वेगाचा अंदाजही इथेच घ्या. डांबरावर ताशी वीस जाणारा माणूस मातीवर बारा-चौदाने जातो. तीस किलोमीटर म्हणजे अडीच तास, पंक्चर धरून तीन.

दुसरा टप्पा कालव्याचा. भीमेवरच्या उजनी धरणाचा डावा कालवा मोहोळ तालुक्यातून येतो, त्याच्या शाखा आणि वितरिका पुढे पसरत जातात. कालव्याच्या कडेचा सेवा रस्ता नवख्याला फार सोयीचा, कारण कालवा जमिनीच्या समान उंचीच्या रेषेला धरून अगदी मंद उताराने काढलेला असतो. पाणी ज्या उताराने वाहतं त्याच उताराने तुम्ही जाता, म्हणून चढ जवळपास नसतोच. वाट चुकायचीही भीती नाही, पाणी सोबतीला असतं. फक्त सावली नसते.

जाण्याआधी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, चालू आहे का ते विचारा. पाळी चालू असेल तर पाझरामुळे रस्ता जागोजागी ओला असतो आणि भरलेल्या कालव्याशेजारी घसरणं जिवावर बेतू शकतं. अस्तर केलेल्या कालव्याची तिरकी भिंत शेवाळाने निसरडी होते, आत गेलेल्या माणसाला धरायला काही मिळत नाही. हातपाय धुवायला किंवा बाटली भरायलाही खाली उतरू नका. हा रस्ता जलसंपदा खात्याच्या कामासाठी आहे, हे ध्यानात ठेवा. कालव्याचं पाणी सांभाळणारा पाटकरी भेटला तर थांबून रामराम करा आणि कुठवर जाणार ते सांगा. पुढे कुठे मोरी खचली आहे, कुठे भराव उकरला आहे, हे त्याच्याइतकं नकाशालाही माहीत नसतं.

तिसरा टप्पा सीनाकाठ. शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला सीना वळसा घेऊन जाते आणि मोठे रस्ते तिला तीन ठिकाणी ओलांडतात: पुणे रस्त्यावर लांबोटी, मंगळवेढा रस्त्यावर तिऱ्हे, विजापूर रस्त्यावर वडकबाळ. हे तीन पूल म्हणजे काठावर उतरायचे तीन दरवाजे समजा. सायकल गाडीवर लादून पुलापर्यंत न्या, महामार्गाचा तुकडा टाळा. लांबोटीचा चिवडा परतताना घ्यायचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला मोठा महापूर आला. काठची शेतं खरडून गेली, वाटांवर गाळ बसला, कड तुटली. त्यामुळे जुन्या नकाशावर किंवा कुणाच्या जुन्या मार्गनोंदीवर विसंबू नका. उपग्रहाचं चित्र मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या आणि तरीही गावात विचारा. काठाच्या अगदी टोकाने कधीच जाऊ नका. वरून सपाट दिसणारी कड खालून पोखरलेली असू शकते. त्या पुरात ज्यांचं रान वाहून गेलं, त्यांच्याच शिवारातून आपण हौसेने जातो. तिथे बोलताना, फोटो काढताना याचं भान असावं.

कुडलचा संगम

चौथी राइड माझ्या सर्वात आवडीची. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडलला सीना भीमेला मिळते, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. समोरचा काठ कर्नाटकाचा. मंद्रूपपर्यंत गाडीने जा आणि तिथून शेतवाटांनी सायकल काढा. रान सपाट, बहुतेक काळं, म्हणून डिसेंबर-जानेवारीच. त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी ज्वारी निसवलेली असते, हुरड्याचे दिवस असतात, आणि सकाळच्या दवाने कणसं जड होऊन वाटेवर वाकलेली असतात.

संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन जुनी मंदिरं आहेत. शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग इथलंच. आणि इथेच शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचेल तो विजयी होईल, असं त्यात म्हटलं आहे. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्यासाठी शुभेच्छा कोरून ठेवली आणि आपण धुळीच्या पायांनी तिच्यासमोर उभे राहतो, हे मला दर वेळी नव्याने भिडतं. दगडांना हात लावू नका, सायकल मंदिराच्या भिंतीला टेकवू नका.

भीमेकाठी फिरताना बंधाऱ्यांची ओळख ठेवा. औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत सोलापूर शहरासाठी उजनीतून पाणी सोडून साठवतात. सोडलेलं पाणी नदीतून येतं, आकाशात ढग नसतानाही पातळी वाढते. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर घोटाभर असलं तरी सायकल घेऊन ओलांडू नका. पात्रात उतरून पोहण्याचा मोहही टाळा. वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत.

उजनीचा फुगवटा

पाचवा टप्पा म्हणजे यशवंतसागर, उजनीचा जलाशय. करमाळा तालुक्यातली केत्तूर, वाशिंबे, कुगाव ही गावं त्याच्या काठावर. सोलापूर-पुणे लोहमार्गाने जाताना जेऊरच्या पुढे पाणी दिसायला लागतं ते हेच. हिवाळ्यात आणि पाणी ओसरताना उथळ कडेला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. इंदापूरच्या बाजूला भिगवण परिसरात गर्दी होते, आपल्या काठाला त्या मानाने शांतता.

आता गाळाबद्दल. जलाशय उतरला की गाळपेर जमीन उघडी पडते, काही ठिकाणी लोक तिथे पीकही घेतात. वरचा थर उन्हाने भेगाळतो, कोरडा ठणठणीत दिसतो आणि पाण्याच्या दिशेने छान सपाट मैदान पसरलेलं असतं. सायकल घालावीशी वाटणारच. घालू नका. दोन-तीन इंचांच्या कोरड्या पापुद्र्याखाली दलदल असते, चाक रुततं आणि पाय टेकवला की तोही रुततो. जिथे ट्रॅक्टरच्या ताज्या खुणा आहेत तिथवरच जा. ट्रॅक्टर जिथून वळला तिथून तुम्हीही वळा.

पलीकडच्या काठावर जाण्यासाठी बोटी चालतात. सायकल बोटीत घालून पल्ला वाचवायचा विचार मनात येतो. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट नसेल, वारा सुटलेला असेल, किंवा दुपार झालेली असेल, तर बोटीत पाय ठेवू नका. ऊसपट्ट्यात अंधार पडण्याआधी गावात या. करमाळा तालुक्यात २०२० साली बिबट्याने माणसांवर हल्ले केले होते, तेव्हापासून तिथली माणसं संध्याकाळी उसाकडे एकटी जात नाहीत. आपणही त्यांचं ऐकावं.

पक्ष्यांपासून किती लांब

काठावर सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे पक्षी आपल्याला उशिरा पाहतात आणि एकदम दचकतात. थवा मान वर करून एका दिशेला सरकायला लागला की थांबायचं, आणखी जवळ जायचं नाही. रोहित उडाले की पंखांचा गुलाबी रंग दिसतो म्हणून मुद्दाम उडवणारे लोक मी पाहिले आहेत. लांबचा पल्ला मारून आलेल्या पक्ष्याचं खाणं त्यात मोडतं. दुर्बीण ठेवा, ड्रोन घरी ठेवा.

सहज ओळखू येणारे काही सांगतो. लांब गुलाबी पायांचा, काळ्या पंखांचा शेकाट्या. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब, हा हिमालय ओलांडून येतो. पिवळ्या चोचीचा चित्रबलाक. पसरट चोचीने पाणी चाळणारा थापट्या. आणि काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी. चंद्रभागेच्या पाण्यावर या नावाचा पक्षी पोहावा, यात मला फार गोडी वाटते.

मार्चनंतर उघड्या काठावर टिटवी आणि नदीसुरय जमिनीवरच अंडी घालतात. अंडी खड्यांच्या रंगाची असतात, चाकाखाली गेली तरी कळत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर ती जागा सोडा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून राखीव आहे. तिथल्या गवताळ माळावर वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल न्यायची नाही.

ऊन, वारा, शिदोरी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. मार्चमध्ये सकाळी नऊच्या आत घरी. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा नव्या माणसाने मातीवर जाऊच नये. थंडीतही माणशी तीन लिटर पाणी ठेवा, त्यातल्या एका बाटलीत लिंबू-साखर-मीठ. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्या दिवसांत मुरमाच्या वाटेवर जाताना सुरुवात वाऱ्याविरुद्ध करा म्हणजे दमल्यावर तो पाठीशी येतो.

खाण्यासाठी आपल्या कडक भाकरीसारखं दुसरं काही नाही. खिशात तुटते, पण खराब होत नाही. सोबत शेंगाचटणी आणि गुळाचा खडा. एनर्जी बार उन्हात वितळतात.

माणसं

बांधावरून सायकल घालायची नाही, तो वाट नसून शेताची हद्द असते आणि त्यावरून भावाभावांत भांडणं झालेली असतात. उभ्या पिकातून तर नाहीच. फाटक लावलेलं असेल तर जाताना उघडून पुन्हा लावा. समोरून मेंढ्यांचा कळप आला तर उतरून एका बाजूला उभं राहा. धनगराची कुत्री अंगावर आली तर पळू नका, सायकल मध्ये धरून चालत राहा आणि मालकाला हाक द्या. ‘आण्णा, कुत्रं धरा की जरा!’ म्हटलं की तो शीळ घालतो आणि कुत्री जागच्या जागी बसतात.

वाट विचारताना ‘ही वाट कुठे जाते?’ असं विचारू नका, ‘आत्ता सायकल जाईल का?’ असं विचारा. वडकबाळच्या पुढे एका मावशींना मी हे विचारलं होतं. त्यांनी आधी माझ्या टायरकडे पाहिलं, मग वाटेकडे. ‘काल मोटार चालू हुती उसाला, पाणी फुटलंय तिकडं. आंब्याकडनं जावा,’ म्हणाल्या. आंब्याकडची वाट दीड किलोमीटर लांबची होती, पण कोरडी.

घरी आल्यावर सायकलवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. धूळ ब्रशने झाडा, चेन फडक्याने पुसून दोन थेंब तेल लावा, आणि दिव्याखाली टायर एकदा पूर्ण फिरवून पाहा. एखादा सराटा राहिलेला असतोच.